धातू शोषणारी झाडे : आशा किती, भरवसा किती?

झाडे जमिनीतून नत्र, स्फुरद व पालाश घेतात, तसेच लोह, जस्त, तांबे हे धातूही अल्प प्रमाणात घेतात. धातूंचे प्रमाण वाढल्यास बहुतेक पिकांना अपाय होतो. तथापि काही वनस्पती धातूंचा साठाच करतात. न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा चीक निळसर हिरवा असून, वाळलेल्या चिकात सुमारे पाव हिस्सा निकेल असल्याचे १९७६ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जुन्या भिंतींवर उगवणारा एक नेचा जमिनीतील आर्सेनिक, म्हणजे सोमलातील विष, पानांत साठवतो, हे २००१ साली अमेरिकेत आढळून आले. अशी झाडे विषारी द्रव्य पेशींतील पोकळीत कोंडून ठेवतात. म्हणून त्यांना स्वतःला बाधा होत नाही.

यावरून दूषित जमीन झाडे लावून शुद्ध करावी, असा विचार पुढे आला. विचार चांगला आहे. परंतु त्यावर सर्व भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. यातील पुष्कळ झाडे लहान व सावकाश वाढणारी असतात. मुळे पोचतील तेवढाच थर शुद्ध होतो व त्यासही अनेक वर्षे लागतात. शिवाय कापलेला पाला विषारीच असतो. तो गुरांना घातला, खतात कुजविला किंवा चुलीत जाळला, तर एका जागचे विष दुसरीकडे जाते, एवढेच.

पिकेही थोडेफार धातू शोषतात, हे विसरता कामा नये. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भातात उतरले व लोकांची हाडे ठिसूळ झाली. तो रोग प्रदूषणजन्य असल्याचे सरकारने १९६८ साली मान्य केले.

म्हणून कारखान्याचे वा शहराचे सांडपाणी जेथे शेतात येते, तेथे ग्रामसेवकांनी माती व पाणी दोन्ही तपासून घ्यावे. दोष आढळल्यास शेतकऱ्यांनी पालेभाज्या न लावता फुलझाडांसारखी अखाद्य पिके घ्यावीत. आम्लधर्मी जमिनीत चुना घातल्यास कॅडमियमचे शोषण कमी होते; आर्सेनिकवर मात्र हा उपाय नव्हे.

खरा उपाय घाण उगमापाशीच अडविण्याचा आहे. एकाने जमीन नासवावी आणि दुसऱ्याने ती वर्षानुवर्षे झाडे लावून धुवावी, हा न्याय नव्हे.