यंत्राचा सल्ला आणि राजनाल्याचे पाणी

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणास मान्यता दिली व पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. तरतूद स्वागतार्ह होय. परंतु शेती हा व्यवसाय जसा चालतो, तसा तो यंत्राला आधी समजावून सांगितला पाहिजे.

कर्जतचे उन्हाळी भात पाहावे. तेथील राजनाला कालव्याला मिळते ते भिवपुरीच्या, १९२२ पासून चालत आलेल्या, जलविद्युत केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सुटणारे पाणी. मुंबईत पंखे किती फिरतात यावर कर्जतचे पाट भरतात, म्हणा ना! खालापूर तालुक्यात खोपोलीच्या केंद्राचे पाणीही असेच पाताळगंगेला मिळते. ‘तीन दिवसांनी पाणी द्या’ हा सल्ला शास्त्रदृष्ट्या बिनचूक असेल. पण त्या दिवशी कालवा कोरडा असेल तर शेतकऱ्याने काय करावे? शेत सुकल्याचे त्याला बांधावरून दिसतेच. त्याला हवी असते ती पाणी केव्हा सुटेल याची आगाऊ वार्ता, आणि ती वीज कंपनी व पाटबंधारे खाते यांच्यापाशीच मिळू शकते. ती यंत्रापर्यंत पोहोचविण्यास मोठी बुद्धिमत्ता लागत नाही, कृत्रिम तर नाहीच. दोन कचेऱ्यांतील नियमित पत्रव्यवहार लागतो. उपकरणांची खरेदी त्यानंतर करावी.