झोंबणारा उपाय म्हणजे गुणकारी उपाय नव्हे

रविवारची वंदना झाली की विहारात महिला थोडा वेळ बसतात, तेव्हा दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. मागच्या थंडीत एका ताईंनी आम्हाला आपले तळहात दाखवले. चार घरची धुणीभांडी करणारे हात. कातडी जाड झालेली, भेगांतून रक्त येत होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी लसूण वाटून लावला होता. "लई झोंबलं, म्हणून वाटलं आता गुण येणार," असं त्या म्हणाल्या. गुण आला नाही, उलट लसणाने कातडी भाजली.

झोंबतं तेच औषध, ही समजूत आपल्या वस्त्यांत घट्ट बसली आहे. म्हणून इसबावर चुना, लिंबू, राख, रॉकेल, कडुलिंबाचा कच्चा पाला वाटून लावतात, नाहीतर अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओततात. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: घरगुती उपाय जरूर करा, पण कातडीला जपणारा करा, जाळणारा नको.

असं का, ते समजून घ्या. कातडी ही घराच्या भिंतीसारखी असते. इसबात या भिंतीचा गिलावा निघालेला असतो. आतला ओलावा बाहेर जातो आणि साबण, धूळ, घाम आत झोंबतो. मग खाज येते, खाजवल्याने कातडी आणखी फाटते आणि खाज वाढते. हे चक्र तोडायचं तर गिलावा परत भरायचा, म्हणजे ओलावा टिकवायचा. अंगातली घाण बाहेर पडते म्हणून इसब होतो, हे खरं नाही.

यासाठी फार पैसे लागत नाहीत. अंघोळ कढत पाण्याने नको, कोमट पाण्याने करा आणि दहा मिनिटांत आटपा. घासणी, वजरी वापरू नका. साबण सौम्य आणि थोडाच लावा. अंग टॉवेलने टिपून घ्या आणि कातडी ओलसर असतानाच साधं खोबरेल तेल किंवा बिनवासाचं व्हॅसलीन लावा. कोरड्या कातडीवर तासाभराने लावलेल्या तेलाचा तेवढा उपयोग होत नाही. दिवसातून दोन-तीनदा लावा, आणि बरं वाटलं तरी चालू ठेवा. मोहरीचं तेल आणि वासाच्या क्रीम टाळा. रात्री खाज सुटली तर थंड पाण्यात पिळलेलं सुती फडकं त्या जागी ठेवा. नखं कापलेली हवीत, लहान मुलांची तर नक्कीच. अंगाला लागणारे कपडे सुती असावेत आणि त्यांतला साबण नीट खळबळून काढावा.

पण प्रत्येक खाज इसबाची नसते. कडा उठलेलं, मधून निवळणारं, जांघेत किंवा कमरेला पसरणारं गोल चकंदळ असेल तर ते बहुधा गजकर्ण. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसतं, ती बहुधा खरूज. या दोन्ही गोष्टी एकाकडून दुसऱ्याला लागतात आणि तेलाने बऱ्या होत नाहीत. खरजेचं औषध तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावं लागतं.

इथेच दुसरा धोका आहे. मेडिकलवाल्याला "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेली क्रीम हातात पडते. चार दिवस बरं वाटतं. गजकर्ण असेल तर ते आतून पसरतं. चेहऱ्यावर बरेच दिवस लावली तर कातडी पातळ आणि लालभडक होते. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसांपुरतं स्टेरॉइडचं मलम इसबाला चांगलं काम करतं, त्याला घाबरू नका. पण शेजारणीची ट्यूब आपल्याला नको.

मुलाला इसब झाला की अंडी, मासे, वांगी बंद करतात. ठरावीक पदार्थाने त्रास वाढतो असं डॉक्टरांनी पाहून सांगितल्याशिवाय वाढत्या मुलाच्या ताटातलं अंडं काढू नका.

आता कामाबद्दल. आपल्या लोकांच्या हातापायांवरचा इसब पुष्कळदा कामातून येतो. भांड्यांची पावडर, फिनेल, बांधकामावरचं ओलं सिमेंट आणि त्यातलं क्रोमियम ही त्याची कारणं आहेत. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेलं गाजरगवत आता सगळीकडे माजलं आहे. तेही अनेकांच्या अंगावर इसब उठवतं. असं काम करणाऱ्याने कितीही तेल लावलं तरी रोज तीच गोष्ट हाताला लागत असेल तर इसब हटणार नाही. रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत घालायला सुती मोजे हवेत. ते मुकादमाकडे, मालकिणीकडे मागा. ही भीक नाही, कामाचं साधन आहे.

आणि शेवटची गोष्ट. इसब संसर्गाने लागत नाही. तरीही इसब झालेल्या सुनेचं ताट वेगळं ठेवलं जातं, मुलाला शाळेत बाजूला बसवलं जातं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचं पाणी वेगळं ठेवलं गेलं, त्यांच्याच घरात हे चालावं? धम्मपदाच्या अट्ठकथेत तिस्स नावाच्या भिक्खूची कथा आहे. अंगभर फोड फुटले म्हणून सोबत्यांनी त्याला टाकून दिलं. तथागतांनी स्वतः पाणी तापवलं, त्याला कोमट पाण्याने धुतलं, त्याची वस्त्रं स्वच्छ करवली. आजाऱ्याशी कसं वागावं, हे त्यात सगळं आलं.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही, पू किंवा पिवळी खपली धरली, ताप आला, दुखणारे पाणीदार फोड उठले किंवा मूल रात्रभर झोपत नसेल, तर घरी बसू नका. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा.

त्या ताई आता ओल्या हातांना खोबरेल लावतात आणि मोजे घालून भांडी घासतात. थंडीत अजूनही त्रास होतो, पण भेगांतून रक्त येत नाही. लसूण फोडणीत घालतात.