बिटलॉकरची निळी स्क्रीन: कुलूप लागलंय, पण किल्ली कुठे आहे?

लॅपटॉप सुरू केला आणि लॉगिनऐवजी निळी स्क्रीन आली. ती ४८ अंकी रिकव्हरी की मागतेय. अशा वेळी लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पण मी बिटलॉकर कधी लावलंच नव्हतं!"

अनेकदा ते खरंच असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली. तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपोआप एन्क्रिप्शनसाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या. आता विंडोज नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं, की बहुतेक मशिनांवर ड्राइव्ह आपसूक एन्क्रिप्ट होते, अगदी होम आवृत्तीवरही. म्हणजे कुलूप आपल्या नकळत लागतं, आणि किल्ली आपल्याला आठवतही नसलेल्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे.

मशीन अचानक किल्ली का मागतं?

रोजच्या वापरात ही किल्ली मदरबोर्डवरची टीपीएम चिप सांभाळते. सुरू होताना चिप बायोस, सिक्युअर बूट, बूट लोडर असं सगळं तपासते. सगळं ओळखीचं दिसलं तरच ती किल्ली सोडते. बायोस अपडेट झालं, सेटिंग बदललं किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर चिपला वाटतं की कुणीतरी परका आलाय. मग ती गप्प बसते आणि विंडोज रिकव्हरी की मागतं. चोरीला गेलेल्या लॅपटॉपसाठी हे उत्तमच. पण मालकालाही तोच न्याय लागतो.

जुलै २०२४ मध्ये याचे दोन धडे मिळाले. त्या महिन्याच्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर काही मशिनांवर विनाकारण ही स्क्रीन येऊ लागली. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली.

दुसरा धडा मोठा होता. १९ जुलैला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते याच दिवशी. उपाय तसा साधा होता: सेफ मोडमध्ये जा, एक फाइल काढून टाका. पण ड्राइव्ह एन्क्रिप्टेड असेल तर तिथे पोचायलाच रिकव्हरी की हवी. काही संस्थांच्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या, तेच सर्व्हर झोपलेले! तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्यातला हा प्रकार.

अडकलात तर काय कराल?

१. स्क्रीनवरचा 'रिकव्हरी की आयडी' लिहून घ्या, पहिली ८ अक्षरं पुरेत. ही किल्ली नव्हे, कोणती किल्ली लागेल याची फक्त खूण आहे.

२. फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन 'डिव्हाइसेस'खाली रिकव्हरी की पाहा. लॅपटॉप मुलाने, पुतण्याने किंवा दुकानदाराने सेट केला असेल, तर त्याच्या अकाउंटमध्येही शोधा. ऑफिस-कॉलेजचं अकाउंट जोडलं असेल, तर तिथल्या आयटी विभागाला विचारा.

३. जुने पेन ड्राइव्ह, प्रिंट काढलेले कागद, बिलांची फाइल चाळा.

४. किल्ली सापडली तर शांतपणे टाइप करा. ६ अंकांचे ८ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे एखादा अंक चुकला तर तो गट तिथल्या तिथे पकडला जातो.

५. किल्ली सापडेपर्यंत रिसेट किंवा फॉरमॅट करू नका. लॅपटॉप वाचेल, फोटो आणि फायली जातील.

आणि किल्ली कुठेच नसेल तर? स्पष्टच सांगतो: डेटा गेला. हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टही पुन्हा बनवून देऊ शकत नाही. शक्यता इतक्या आहेत, की ती संख्या ३९ अंकी होते. "पैसे द्या, किल्लीशिवाय उघडून देतो" असं कुणी म्हणालं, तर आधी हा आकडा आठवा.

मग किल्ली कुणाकडे असावी?

कंपनीकडे असली तर आपण विसरलो तरी आधार राहतो. पण कंपनीकडे जे आहे, ते कायदेशीर आदेशाने तपास यंत्रणाही मागू शकतात. किल्ली फक्त आपल्याकडे असली तर गोपनीयता पक्की, मात्र हरवल्यावर वाली कुणी नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे. माझा आक्षेप एवढाच, की ही निवड वापरणाऱ्याला विचारून व्हायला हवी. सेटअप करतानाच "ड्राइव्हला कुलूप लावतोय, किल्ली इथे ठेवतोय" असं ठळकपणे सांगायला काय हरकत आहे?

ते होईपर्यंत आपणच करायचं. स्टार्टमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' शोधा, किल्लीचा बॅकअप घ्या, प्रिंट काढा आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा. त्याच लॅपटॉपवर किंवा त्याच्या बॅगेत नको. बायोस अपडेट करण्याआधी आणि मशीन दुरुस्तीला देण्याआधी तो कागद हाताशी आहे ना, हे पाहा. आणि फोटो-फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या. किल्ली हरवली तरी मग गेला तर फक्त एक दिवस जाईल, आठवणी नाही.