सदस्य आहेत, काम कोठे आहे?

डिसेंबर २०२५ मध्ये उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा या दोन जिल्हा पंचायतींच्या पन्नास मतदारसंघांसाठी निवडणुका पार पडल्या. कोणत्या पक्षाच्या पदरात किती जागा पडल्या, कोणाची युती फळली आणि कोणाची फसली, या कौलाचे विधानसभेच्या राजकारणावर काय पडसाद उमटतील, याचा ऊहापोह सर्वांनी यथास्थित केला. विधानसभेच्या सामन्याची ही उपांत्य फेरी होय, असेच राजकीय पक्षांनी मानले आणि मतदारांच्या मनावरही तेच बिंबविले. परंतु निवडून आलेले हे पन्नास लोकप्रतिनिधी आता पाच वर्षे नेमके करणार काय, हा साधा प्रश्न प्रचाराच्या धामधुमीत कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे.

जिल्हा पंचायतीच्या कामकाजाविषयी सामान्य नागरिकाला फारशी माहिती नसते आणि कुतूहल तर त्याहूनही कमी असते. सभेची सूचना निघते, विषयपत्रिका सदस्यांच्या हाती पडते, गणसंख्या झाली की अध्यक्ष स्थानापन्न होतात, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते आणि मग विकासकामांची यादी पुढे येते. त्या यादीत काय असते? एखाद्या वाड्यावरची पायवाट, ओहोळावरचा साकव, स्मशानभूमीवरचे छप्पर, बसथांब्याचा निवारा, शाळेच्या कुंपणाची भिंत, रस्त्याकडेचे गटार, डोंगरउतारावरची संरक्षक भिंत. मंजूर झालेल्या कामाचा आदेश अद्याप का निघाला नाही, असे कोणी सदस्य विचारतो. अंदाजपत्रक तांत्रिक मंजुरीसाठी गेले आहे, जागामालकाचे ना-हरकत पत्र आलेले नाही, निविदेला प्रतिसाद मिळाला नाही, अशा तऱ्हेची उत्तरे त्याला मिळतात. बिले मंजूर होतात, पुढील सभेची तारीख ठरते आणि सभा संपते.

या कामकाजाची थट्टा करणे सोपे आहे. गटारे आणि भिंती मोजण्यासाठी एवढा मोठा निवडणुकीचा घाट कशाला, असे सुशिक्षित माणसे सहज बोलून जातात. आम्हांला ही थट्टा मुळीच मान्य नाही. आषाढात ओहोळ दुथडी भरून वाहू लागला की पलीकडच्या वाड्यावरच्या मुलाला शाळेत जाता येईल की नाही, हे त्या साकवावरच अवलंबून असते. भर पावसात प्रेत घेऊन आलेल्या कुटुंबाला स्मशानातील छपराचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. शासनाची भव्य धोरणे राजधानीत ठरत असतील, परंतु शासन आहे की नाही याचा अनुभव खेडुताला येतो तो पायवाट, पाणी, दिवा आणि गटार यांतूनच. म्हणून जिल्हा पंचायतीच्या विषयपत्रिकेवरील कामे लहान आहेत, ही आमची तक्रार नव्हे. ही लहान कामेसुद्धा तिच्या हाती पुरतेपणी दिलेली नाहीत, ही आमची तक्रार आहे.

सामुदायिक कारभार गोमंतकाला नवा नाही. पोर्तुगीज येथे येण्यापूर्वीपासून गावकरी संस्था नांदत होती आणि १५२६ सालच्या सनदेने परकीय सत्तेलाही तिच्या रूढी व हक्क लिखित स्वरूपात मान्य करावे लागले. खाजन जमिनींचे बांध राखणे, मानशीतून भरती-ओहोटीचे पाणी नियंत्रित करणे, त्यासाठी गावाचे श्रम आणि उत्पन्न वाटून घेणे, हे सारे एका नियमाने चालत असे. मात्र या परंपरेचा अभिमान बाळगताना तिचा दोषही विसरून चालणार नाही. गावकऱ्याचा हक्क हा जन्माने मिळणारा हक्क होता. बांधावर घाम गाळणाऱ्या मजुराला, कुळाला आणि स्त्रियांना त्या बैठकीत मत नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी, १९६२ साली, प्रौढ मताधिकाराने ग्रामपंचायती निवडल्या गेल्या. गावाच्या कारभारात प्रत्येकाचे मत सारखे, ही आपल्या भूमीतील खरी क्रांती होती.

त्याच १९६२ साली मे महिन्याच्या पहिल्या तारखेला शेजारच्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाचा पुरस्कार केला होता. त्या सूत्राला वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्रापुरते निश्चित रूप दिले आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ते अंमलात आणले. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, शेती व पशुसंवर्धन यांचा मोठा भाग जिल्हा परिषदेकडे गेला. ‘जिल्हा परिषदेची शाळा’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रूढ झाला तो यामुळे. त्या परिषदांत गटबाजी होती, गैरव्यवहारही होते, परंतु काम होते. राज्याच्या नेतृत्वाची एक अख्खी पिढी तेथे अर्थसंकल्प वाचायला आणि अधिकाऱ्याला जाब विचारायला शिकली.

गोव्याला जिल्हा पंचायत मिळण्यासाठी २००० साल उजाडावे लागले. तीही स्वयंस्फूर्तीने आली नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायत राज्य बंधनकारक केले, त्यानुसार १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा झाला आणि मग या संस्था जन्मल्या. वीस लाखांपेक्षा अधिक लोकसंख्या नसलेल्या राज्याला तालुका पातळीवरची मधली पायरी वगळण्याची मुभा घटनेने दिली आहे. ती गोव्याने घेतली. म्हणून आपल्याकडे खाली १९१ ग्रामपंचायती आणि वर जिल्हा पंचायत अशी दोनच पायऱ्यांची रचना आहे.

खरी मेख आहे ती घटनेच्याच शब्दांत. दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे हे घटनेने राज्यावर सक्तीचे केले. मात्र पंचायतींना अधिकार देण्याची वेळ आली तेव्हा अनुच्छेद २४३-छ मध्ये राज्य विधानमंडळ असे अधिकार ‘देऊ शकेल’ एवढेच म्हटले. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. शेती आहे, लघुसिंचन आहे, पिण्याचे पाणी आहे, प्राथमिक शिक्षण आणि आरोग्यही आहे. यादी भारदस्त आहे, परंतु यादीतून प्रत्यक्षात किती द्यायचे हे राज्याच्या मर्जीवर. कायद्याच्या पुस्तकात कामांची अनुसूची छापली, मात्र त्या कामांचा पैसा, अभियंते आणि कर्मचारी जेथे होते तेथेच राहिले. आज गोव्यातील सरकारी प्राथमिक शाळा शिक्षण खात्याकडे आहेत, पाणी आणि मोठे रस्ते राज्याच्या खात्यांकडे आहेत. जिल्हा पंचायतीचा मुख्य कार्यकारी अधिकारीही सरकारच नेमते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण अशा प्रसंगी आठवल्यावाचून राहत नाही.

असे का झाले, याचे उत्तर गोव्याच्या अंकगणितात दडलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार आणि आमदार चाळीस. म्हणजे एका आमदारामागे सुमारे साडेछत्तीस हजार माणसे. त्याच जनगणनेच्या आकड्यांवरून महाराष्ट्रात एका आमदारामागे सुमारे तीन लाख नव्वद हजार माणसे येतात. महाराष्ट्रातल्या आमदाराला प्रत्येक साकव आणि प्रत्येक गटार पाहणे अशक्य असते, म्हणून त्याला जिल्हा परिषद हवी असते. गोव्यातला आमदार प्रत्येक वाड्यावर पोहोचू शकतो आणि पोहोचतो. कामाच्या शुभारंभाचा नारळ आपल्याच हातून फुटावा, अशी त्याची इच्छा असणे स्वाभाविक आहे. त्याच्या मतदारसंघाच्या पोटातच बसणारा जिल्हा पंचायत सदस्य त्याला सहकारी न वाटता उद्याचा प्रतिस्पर्धी वाटतो. अधिकार द्यावयाचे ते विधानसभेने, आणि विधानसभेतील प्रत्येकाला ते आपल्याच ओंजळीतून जाणार असे वाटते. यात कोण्या एका पक्षाला बोल लावण्यात अर्थ नाही. २००० नंतर राज्यात भिन्न पक्षांची सरकारे आली आणि गेली, हे घोंगडे मात्र भिजतच राहिले.

पैशाच्या बाबतीतही हीच कथा. ग्रामपंचायतीला घरपट्टी तरी आहे. जिल्हा पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे सांगण्यासारखे साधन नाही, सारी भिस्त अनुदानावर. चौदाव्या केंद्रीय वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात सारे अनुदान ग्रामपंचायतींनाच दिले आणि जिल्ह्याची पायरी कोरडी ठेवली. पंधराव्या आयोगाने ती चूक सुधारली. दोन पायऱ्यांच्या राज्यात पंधरा ते तीस टक्के वाटा जिल्हा पातळीला देण्याची तरतूद झाली. २०२१ ते २०२६ या काळासाठी एकूण अनुदानातील साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवली गेली. उरलेल्या पैशात पन्नास मतदारसंघांची वाटणी करावयाची म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला एखादी भिंत आणि एखादी पायवाट यांपलीकडे काय येणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

मग या संस्था मोडीतच काढाव्यात, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांना आमचे पहिले उत्तर असे की घटना तशी मोकळीक देत नाही. सवलत मधल्या पायरीपुरती आहे, जिल्ह्याच्या पायरीला नाही. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. गोव्यातील अनेक प्रश्न एका गावाच्या सीमेत मावत नाहीत आणि तरीही ते मंत्रालयाने हाताळण्याइतके दूरचेही नाहीत. नदीच्या एका काठाचा बांध फुटला तर खारे पाणी तीन गावांच्या शेतांत शिरते; तो बांध कोणत्या एका ग्रामपंचायतीने बांधावा? १९६४ च्या कूळ कायद्यानंतर खाजनांची देखभाल कुळांच्या संघांकडे आली आणि कित्येक ठिकाणी मानशी नादुरुस्त पडून शेते ओस झाली. त्यांचा सलग विचार कोणी करावा? कचऱ्याचा प्रश्न तर रोजच नाकाला झोंबतो. साळगाव येथे २०१६ साली राज्याला प्रकल्प उभारावा लागला, कारण गावोगावच्या पंचायतींना स्वतंत्रपणे ते पेलणे शक्य नव्हते. त्यातच, २०११ च्या जनगणनेने गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरविली असली तरी कळंगुटसारख्या कित्येक शहरी वस्त्यांचा कारभार ग्रामपंचायतीच पाहतात. गावाची शक्ती आणि शहराचे ओझे यांतील हे अंतर भरून काढणे, हेच जिल्हा पंचायतीचे स्वाभाविक कार्य होय.

अर्थात सर्व दोष सरकारच्या माथी मारून सदस्यांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. आपण छोटे आमदार आहोत, अशी समजूत करून घेणाऱ्यांची संख्या लहान नाही. मानधन, वाहन आणि व्यासपीठावरील खुर्ची यांविषयी जी तळमळ दिसते ती अंदाजपत्रकाच्या बारकाव्यांविषयी क्वचितच दिसते. राखीव जागेवर निवडून आलेल्या भगिनीच्या नावावर तिच्या पतिराजांनी कारभार हाकावा, हा प्रकारही लोकांच्या परिचयाचा आहे. जे अधिकार आज कायद्याने हाती आहेत ते पुरतेपणी न वापरणाऱ्याने नव्या अधिकारांची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

शेजारच्या राज्यांकडे पाहिले म्हणजे या विषयाची दुसरी बाजू ध्यानी येते. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. कर्नाटकातही २०२१ साली मुदत संपलेल्या जिल्हा पंचायतींच्या निवडणुका वर्षे लोटली तरी झाल्या नाहीत. बेळगावच्या सीमाभागातील मराठी खेडुतालाही आपले गाऱ्हाणे निवडलेल्या सदस्याऐवजी अधिकाऱ्यापुढे मांडावे लागले. गोव्यात २०००, २००५, २०१०, २०१५ या वर्षी निवडणुका झाल्या, करोनामुळे मार्च २०२० ची निवडणूक डिसेंबरात गेली आणि पुढे डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मतदान झाले. तिकडे काम होते पण सदस्य नव्हते. इकडे सदस्य आहेत पण काम नाही. गोव्याने वेळापत्रक पाळले हे भूषणावह खरेच. मात्र लोकशाही केवळ वेळापत्रकावर जगत नाही.

आमची सूचना मोठी नाही. २९ विषयांचा जप न करता सरकारने तूर्त चार कामे पैशांसह आणि माणसांसह जिल्हा पंचायतींच्या स्वाधीन करावीत: प्राथमिक शाळांच्या इमारतींची निगा, खाजनांचे बांध व मानशी, अनेक गावांचा सामाईक कचरा आणि गावांना जोडणारे लहान रस्ते व साकव. या कामांपुरते अभियंते जिल्हा पंचायतीला उत्तरदायी असावेत. प्रत्येक सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त लोकांना कळणाऱ्या मराठी व कोकणीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे, म्हणजे कोणत्या कामाचे पैसे कोठे अडले हे मतदाराला उमजेल. पाच वर्षांनी हिशेब घ्यावा. काम झाले असेल तर पुढचे विषय द्यावेत. झाले नसेल तर लोकच योग्य तो निकाल देतील.

यात नागरिकांचाही वाटा आहे. कायद्याने वर्षातील ज्या चार दिवसांच्या सुमारास विशेष ग्रामसभा ठरविली आहे, त्यांतील एक १९ डिसेंबर आहे. मुक्तिदिनी ध्वजवंदन करून घरी परतणाऱ्याने त्या ग्रामसभेत बसावे, आपल्या जिल्हा पंचायत सदस्याला तेथे बोलवावे आणि वर्षभरात किती सभांना हजर राहिलात, कोणता प्रश्न विचारलात, आमच्या बांधाचे काय झाले, हे शांतपणे विचारावे. उत्तर देण्याची सवय सदस्यांना लागली, म्हणजे अधिकार मागण्याचे बळही त्यांच्या अंगी येईल. आणि मग पर्वरीच्या विधानसभेला ती मागणी फार काळ टाळता येणार नाही.