घरचा पाक, पाहुण्यांचा मान

आश्विन सरत आला म्हणजे सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही तालुक्यांत दोन पिके एकाच सुमारास हाताशी येतात. बागेत आंबिया बहराचा संत्रा तोडणीस येऊ लागतो आणि पावसाच्या आरंभी परसात लावलेल्या वेलावर कोहळी पिकून तांबूस होतात. संत्र्याला व्यापारी आहे, बाजार आहे, नाव आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून वेगळा झालेला आपला पांढुर्णा जिल्हा संत्र्यासाठीच ओळखला जातो. कोहळ्याचे तसे नाही. ते भाजीत जाते, कधी त्याची गोड बोंडे होतात आणि उरलेले शेजारी वाटले जाते. त्यातून पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगे पेय होऊ शकेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पाहुणा आला की मूल दुकानाकडे धावते आणि रंगीत पाण्याची बाटली घेऊन येते. आज आम्ही वाचकांपुढे कोहळ्याचा मसालेदार पाक मांडणार आहोत, तो याच कारणाने.

प्रथम नावाचा घोळ दूर केला पाहिजे. पुण्याकडे कोहळा म्हटले की पेठा करतात ते पांढरे फळ समजतात. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात कोहळे म्हणजे तांबडा भोपळा. येथे आम्हांस हाच अभिप्रेत आहे.

अमेरिकेत या पाकाला मोठी मागणी आहे. तेथे शरद ऋतू आला की दुधात, कॉफीत तो घालून पितात. त्याची कथा मौजेची आहे. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील एका गुहेत त्याच्या कुळातील सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजे त्या खंडास पोचली आणि त्यानंतर हे फळ समुद्रमार्गे आपल्याकडे आले. उलट दालचिनी श्रीलंकेची, लवंग व जायफळ इंडोनेशियाच्या मालुकू बेटांवरचे आणि सुंठ आपल्या आशिया खंडातली. हे जिन्नस तिकडे गेले. अमेलिया सिमन्स या बाईंच्या १७९६ सालच्या अमेरिकन पाकपुस्तकात भोपळ्याच्या गोड पदार्थात जायपत्री, जायफळ आणि सुंठ घालावयास सांगितले आहे. पुढे १९३४ मध्ये मॅकॉर्मिक कंपनीने हा मसाला तयार डबीत विकावयास काढला आणि २००३ मध्ये स्टारबक्सने त्याची कॉफी बाजारात आणली. गंमत अशी, की भोपळ्याचे नाव लावलेल्या त्या कॉफीत २०१५ पर्यंत भोपळाच नव्हता! होता तो केवळ मसाला. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता कृती. चांगले पिकलेले कोहळे घेऊन त्याची साल व बिया काढाव्यात. फोडी पाण्यात शिजवू नयेत, वाफवाव्यात. म्हणजे गर पाणचट होत नाही. गर घोटून चाळणीतून काढावा. असा गर १०० ग्रॅम पुरे. ३०० मिलिलिटर पाण्यात बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, अर्धा लहान चमचा सुंठ आणि संत्र्याच्या सालीचा दोन बोटे रुंद तुकडा घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे. साल वरची केशरी तेवढीच घ्यावी. आतला पांढरा भाग कडू असतो. औषध फवारलेल्या बागेतले फळ असेल तर साल वापरू नये. नंतर ५०० ग्रॅम साखर घालावी. त्यातील १५० ग्रॅमऐवजी गूळ घेतल्यास रंग आणि स्वाद दोन्ही खुलतात. साखर विरघळली की गर मिसळावा आणि सारखे ढवळीत सात-आठ मिनिटे उकळी द्यावी. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळावा, म्हणजे पाकात साखर जमत नाही. उतरवून चिमूटभर जायफळ किसून घालावे. जायफळाचा हात आवरता असावा. अधिक प्रमाणात ते अपाय करते. मग स्वच्छ मलमलीतून पाक गाळून घ्यावा.

काचेची बाटली आधी पाण्यात दहा मिनिटे उकळून कोरडी करावी आणि ती गरम असतानाच गरम पाक भरावा. थंड बाटलीत उकळता पाक ओतला तर काच तडकते.

येथवर सर्व सोपे आहे. खरी काळजी यापुढे आहे. घरचे म्हणजे निर्धोकच, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. मुरांबा वर्षभर टिकतो, कारण साखर त्यातील पाणी धरून ठेवते आणि जंतूंना ते मिळू देत नाही. शिवाय आवळ्याची अथवा कैरीची आंबटाई राखणीस असते. कोहळ्यात आंबटाई नाही. मातीतून येणारे काही जंतू असे आहेत, की त्यांची बीजे साध्या उकळीने मरत नाहीत आणि हवाबंद, आंबटाईविरहित गरात ती वाढून विष तयार करतात. म्हणूनच भोपळ्याचा घोटलेला गर घरी हवाबंद करून साठवू नये, असे अमेरिकेचे शेतीखातेही बजावते. तेव्हा गर घातलेला हा पाक फ्रिजमध्येच ठेवावा आणि दहा दिवसांत संपवावा. फ्रिज नसेल तर चौथाई प्रमाणात करून त्याच दिवशी वापरून टाकावा. वर फेस आला, बुडबुडे दिसले, आंबूस वास आला वा बुरशीचा ठिपका दिसला, तर वरवरचे काढून उरलेले वापरण्याचा मोह धरू नये. सारी बाटली ओतून द्यावी. साखर वाया गेली तरी चालेल, घरातले मूल आजारी पडता कामा नये.

अधिक दिवस टिकणारा पाक हवा असेल, त्यांनी वरची गंमत आठवावी. गर वगळून नुसत्या मसाल्याचा पाक करावा. अर्धा लिटर मसाल्याचे पाणी गाळून त्यात एक किलो साखर विरघळवावी आणि एक उकळी आणावी. शंभर भागांत पासष्टांहून अधिक साखर असल्यामुळे हा पाक कित्येक आठवडे चांगला राहतो. बाटलीत ओला चमचा मात्र घालू नये. ताजा गर ज्या दिवशी हवा त्या दिवशी वाफवून पेल्यात मिसळता येतो.

वापरही मापाचाच असावा. पेलाभर दुधास एक मोठा चमचा पाक पुरतो. वर आणखी साखर घालू नये. एवढ्या चमच्यात दहा-बारा ग्रॅम साखर असते आणि प्रौढ माणसाने दिवसाकाठी वरून घेतलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवल्यास बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले आहे. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना पाकाऐवजी दालचिनी-सुंठीचे बिनसाखरेचे दूध द्यावे. दूध चुलीवरून उतरवून किंचित निवल्यावरच पाक मिसळावा. उकळत्या दुधात गूळ आणि लिंबू पडले तर ते फाटते. दूध नको असेल तर संत्र्याच्या रसात पाक व थंड पाणी घालावे. असे केल्याने आपल्या मातीतली दोन्ही फळे एका पेल्यात येतात.

या साऱ्याला खर्च फारसा नाही. कोहळे परसातले, संत्रा बागेतला, मसाला घरच्या डब्यातला. विकत घ्यावयाची ती साखर. परंतु बचतीपेक्षाही मोठी एक गोष्ट आहे. आपण पिकविलेले फळ पाहुण्यापुढे ठेवावयास आपणांस संकोच वाटतो आणि दुकानातली बाटली ठेवली की मान राहिला असे वाटते. हा हिशेब उलटा आहे. मोजून, गाळून, स्वच्छ बाटलीत भरून ठेवलेल्या पेयात घरच्या बाईचे लक्ष आणि कष्ट असतात. ते विकत मिळत नाहीत. नाताळला शहरातली मुलेबाळे गावी येतील, तेव्हा हा पेला त्यांच्या हाती द्यावा. आणि तो कशाचा आहे हे विचारले गेले, तर आमच्या वेलावरच्या कोहळ्याचा, असे मोकळेपणाने सांगावे.