हिशेब कोणाकडे मागायचा?

ज्यूद्वेष म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एकदम हिटलर, गॅस चेंबर आणि स्पीलबर्गचा तो सिनेमा येतो. मग 'आता कुठे राहिलंय तसलं काही!' म्हणून आपण मोकळे. पण युनिव्हर्सिटीत तो गणवेश घालून येत नाही. तिथे तो एखाद्या फॉर्ममधून येतो, मार्कलिस्टमधून येतो, नाहीतर अगदी सभ्य भाषेतल्या एखाद्या प्रश्नातून.

2015 सालचं उदाहरण घ्या. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये विद्यार्थ्यांच्या न्यायमंडळावर एका मुलीची नेमणूक व्हायची होती. तिला विचारलं गेलं, तू ज्यू आहेस, ज्यू समाजाच्या कामात सक्रिय आहेस, मग निःपक्षपाती कशी राहणार? तिला बाहेर पाठवून बराच वेळ खल झाला आणि आधी चक्क नकार मिळाला. हजर असलेल्या एका सल्लागाराने समजावलं की एखाद्या समाजाचं असणं म्हणजे हितसंबंध नव्हेत, तेव्हा कुठे तिची निवड झाली. प्रश्न विचारणारे काही गुंड नव्हते हो. विद्यार्थ्यांनीच निवडून दिलेले प्रतिनिधी होते.

जॉर्जियातल्या एमरी युनिव्हर्सिटीच्या डेंटल स्कूलची गोष्ट याहून वाईट. 1948 ते 1961 या काळात तिथे एकच डीन होते. प्रवेशअर्जात 'कॉकेशियन, ज्यू की इतर' असा रकाना होता. त्या वर्षांत 65 टक्के ज्यू विद्यार्थी एकतर नापास होऊन बाहेर पडले, नाहीतर त्यांना विषय पुन्हा करावे लागले. सुटी केस बघितली तर 'अभ्यास कमी पडला' एवढंच दिसतं. आपण नाही का, एका युजरची तक्रार 'युजर एरर' म्हणून बंद करतो आणि शंभर लॉग एकाखाली एक लावल्यावर कळतं की बग आपलाच आहे! इथेही तेच झालं. काढून टाकलेल्यांपैकीच एकाने उतारवयात जुन्या सोबत्यांच्या मुलाखती गोळा केल्या आणि 2012 मध्ये युनिव्हर्सिटीने माफी मागितली. तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

सोशल वर्कचं दुखणं जरा वेगळं आहे. अन्याय ओळखायला शिकवणारा हा विषय. पण एकदा समाजाची 'शोषक' आणि 'शोषित' अशी दोनच खाती पाडली, की ज्यूंना 'गोरे, शिकलेले, पैसेवाले' म्हणून पहिल्या खात्यात टाकणं फार सोपं होतं. मग त्यांच्या तक्रारीची फाइलच उघडत नाही. जर्मनीत या व्यवसायाचा पाया घालणाऱ्यांत अ‍ॅलिस सालोमन होत्या. जन्म ज्यू घरातला. 1908 मध्ये त्यांनी बर्लिनला स्त्रियांसाठी सोशल वर्कचं स्कूल काढलं. 1914 मध्ये ख्रिस्ती धर्मही स्वीकारला. तरी 1937 मध्ये नाझींनी त्यांना देशाबाहेर काढलंच. शिक्षण, प्रतिष्ठा, बदललेला धर्म, काही म्हणजे काही कामी आलं नाही. सुस्थितीतल्या माणसाला कसला धोका, असं विचारणाऱ्या प्रत्येक सोशल वर्करने हे चरित्र जरूर वाचावं.

मग काय इस्राएलवर बोलायचंच नाही? बोला की! गाझातल्या युद्धाविरुद्ध मोर्चे काढा, नेतान्याहूंच्या सरकारवर हवी तेवढी टीका करा. अमेरिकेतल्या त्या निदर्शनांत कितीतरी ज्यू विद्यार्थीही होते. माझी कसोटी अगदी साधी आहे: हिशेब कोणाकडे मागताय? सरकारच्या कृत्यांचा हिशेब सरकारकडे मागितला तर ते राजकारण. वर्गातल्या शेजारच्या मुलीकडे, केवळ ती ज्यू आहे म्हणून मागितला, तर तो द्वेष. आणि मुसलमान मुलीकडे हमासचा हिशेब मागणं हेही त्याच माळेतलं.

ज्यांनी हे निस्तरायचं त्यांनी मात्र दोन्ही टोकं गाठली. 5 डिसेंबर 2023 ला अमेरिकी संसदेच्या समितीने हार्वर्ड, पेन आणि एमआयटीच्या अध्यक्षांना विचारलं, ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांविरुद्ध आहे का? उत्तरं मिळाली ती वकिली थाटाची, संदर्भावर अवलंबून आहे म्हणे. पेनच्या अध्यक्षांना चार दिवसांत राजीनामा द्यावा लागला. 2025 मध्ये दुसरं टोक. ट्रम्प सरकारने ज्यूद्वेषाचं कारण पुढे करून हार्वर्डचा दोन अब्ज डॉलरहून जास्त संशोधननिधी अडवला. सप्टेंबरमध्ये फेडरल न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं आणि ज्यूद्वेषाचा नुसता आडपडदा केला गेला, असंही सुनावलं. लॅब बंद पाडून हॉस्टेलमधल्या ज्यू मुलाची भीती कशी कमी होणार, सांगा बरं?

मला विचाराल तर लागतं ते फार थोडं. तक्रारींची नोंद ठेवा आणि आकडे एकत्र बघा. नियम सगळ्यांना एकच लावा. आणि खोलीत चुकीचा प्रश्न विचारला गेला की त्याच क्षणी 'हे बरोबर नाही' म्हणणारा एक माणूस हवा, त्या सल्लागारासारखा.

हे आपल्याला कशाला? अहो, आपल्यातलेच कितीजण एमएस करायला याच कॅम्पसवर जातात. कोकणात बेने इस्राएली 'शनवार तेली' म्हणून शतकानुशतकं नांदले, याचा अभिमान आहेच. पण 'या देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्यही आपल्याच टपरीवर, चहाच्या घोटाबरोबर सहज फेकलं जातं. तिथे रूममेटच्या पणजीचं काय झालं होतं, हे आपल्याला कुठे माहीत असतं? बॅगेत लोणच्याची बरणी खुशाल न्या. ते वाक्य मात्र नेऊ नका, आणि खरं सांगायचं तर इथेही ठेवू नका.