विक्री करापुरती, मालकी कायमची

दादर-शिवाजी पार्कच्या परिसरात हिशेब लिहून देणारे, पुस्तके व पत्रिका जुळवून देणारे, खासगी शिकवण्या चालविणारे अनेक स्वयंरोजगारी आहेत. शिंप्याला शिलाई यंत्र, तसा त्यांना संगणक. परंतु यंत्र विकणारा दुकानदार दरवर्षी दारात येऊन भाडे मागत नाही. सॉफ्टवेअर कंपन्या मात्र एकरकमी विक्री बंद करून वार्षिक वर्गणी लादतात, जुन्या आवृत्तीची देखभाल थांबवितात आणि परवाना-तपासणीच्या नावाखाली नोटीस धाडून तडजोडीची रक्कम मागतात. नोटिशीतील कायद्याची भाषा वाचून भेदरलेला माणूस देणे आहे की नाही हे न तपासताच पैसे भरून मोकळा होतो.

या व्यवहारातील दुटप्पीपणा ध्यानात घेण्याजोगा आहे. बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात दिला. २ मार्च २०२१ रोजी ‘इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस’ खटल्यात, अशा सॉफ्टवेअरपोटी परदेशी कंपन्यांना मिळणारी रक्कम स्वामित्वधन नसून विक्रीची किंमत आहे, असे ठरले. तिच्यावरील प्राप्तिकराची कपात टळली. म्हणजे सरकारपुढे ती ‘विक्री’ आणि ग्राहकापुढे ‘केवळ वापराचा परवाना’! लाभ विक्रेत्याचा घ्यावयाचा आणि अधिकार जमीनदाराचा गाजवावयाचा, अशी ही रीत आहे.

चोरून नक्कल वापरण्याचे समर्थन कोणी करीत नाही. जाणूनबुजून तसे करणाऱ्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षा आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६० नुसार, निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागता येते व नुकसानभरपाईही मिळू शकते. धमकीच्या नोटिशीत हे कलम सापडणार नाही, हे उघड आहे.

२० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करारा’ची व्याख्या केली. सबळ कारणाविना एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार, हानीच्या मानाने अवाजवी दंड, अशा अटी तीत मोडतात. ग्राहकाने राहत्या ठिकाणी तक्रार करावी. कंपनीच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निषिद्ध केलेल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांत वर्गणीचा सापळा आणि सॉफ्टवेअर सेवेची छुपी आकारणी यांचा समावेश आहे. अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते.

तथापि कायद्यात दोन मोठी भगदाडे आहेत. अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. त्यासाठी राज्य आयोग गाठावा लागतो. दुसरे असे की, ‘व्यापारी हेतू’ने घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला सवलत आहे. पण दोन मदतनीस ठेवणाऱ्या छापखान्याने तक्रार केली, तर कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. ही दोन्ही भगदाडे बुजविण्याची मागणी संसदेत व रस्त्यावर व्हावयास हवी.

तक्रारीने काय होणार, असे म्हणणे पराभूत वृत्तीचे लक्षण आहे. २०१८ मध्ये अँड्रॉइड फोनच्या काही साध्या वापरकर्त्यांनी स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तिच्यातून २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड झाला. अपिलात काही निर्देश रद्द झाले, दंड मात्र कायम राहिला. विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. पुढील वर्षाच्या सुरक्षेसाठी घरगुती ग्राहकाने तीस डॉलर द्यावेत, कंपनीचे बक्षीस-गुण खर्ची घालावेत, नाहीतर संगणकाची मांडणी कंपनीच्या साठ्यात ठेवावी, असे तिने सुचविले. युरोपातील संघटित ग्राहकांनी जाब विचारला, तेव्हा तेथे ही अट गळाली. भारतात ती राहिली. दोन्हीकडे सॉफ्टवेअर तेच होते. फरक पडला तो संघटनेने.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७२ मध्ये मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी समितीने स्त्रियांच्या हाती लाटणी देऊन सरकारला जाब विचारला. तेलातुपाच्या भावामागील साठेबाज त्या स्त्रियांना दिसत होता. आजचा साठेबाज दूरच्या कार्यालयात बसून परवान्याची किल्ली फिरवितो, एवढाच बदल. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी तक्रारीची वाट मळवून ठेवली आहे. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ तक्रार लेखन केंद्र चालवावे. बिले, नोटिसा व परवान्याच्या अटी जमवाव्यात, एकाच कंपनीविरुद्धच्या तक्रारी एकत्र दाखल कराव्यात आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक घरोघर पोचवावा. एकट्याची तक्रार फायलीत पडून राहते. शंभरांची तक्रार दडपणे कोणत्याही प्राधिकरणाला सोपे नसते.